काळी, पांढरी आणि पहिले घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे प्रत्येक कर्जदार ऐकवतो. मी बँकेत असताना गृहकर्जाचा अर्ज भरायला आलेल्या माणसाने खुर्चीवर बसताबसता ही म्हण म्हटली नाही, असे क्वचितच झाले. पण तिच्यात घर ‘बांधून’ पाहावे असे म्हटले आहे, ‘विकत घेऊन’ नव्हे, हे माझ्या ध्यानात यायला निवृत्ती यावी लागली. ज्यांनी ही म्हण रचली त्यांना घराची जागा शोधावी लागत नसे. ती वडिलोपार्जित असे. बांध कुठून कुठवर आहे हे शेजाऱ्याला ठाऊक असे आणि वाद झालाच तर गावातला म्हातारा बोट दाखवून सांगे. आज आपण अनोळखी माणसाकडून, अनोळखी गावात, न पाहिलेल्या हद्दीतले घर घेतो. त्या म्हाताऱ्याच्या बोटाची जागा आता कागदाने घेतली आहे. आणि कागद वाचायची सवय आपल्याला कुणी लावलेली नाही.

गावाकडे जमिनीचे दोन भाग मानत. पिकते ती काळी आणि जिच्यावर गाव वसते ती पांढरी. काळीत घर बांधू नये, पांढरीत नांगर घालू नये, हा साधा दंडक होता. सरकारी भाषेत पांढरी म्हणजे गावठाण. मावळात आज जे चालले आहे ते एका वाक्यात सांगायचे तर काळीची पांढरी होते आहे, आणि पुष्कळदा कागदाला पत्ता न लागू देता होते आहे. लोणावळ्याला खेटून असलेले कुसगाव हे त्याचे जवळचे उदाहरण. एकेकाळी भाताच्या खाचरांचे हे गाव. पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, २००२ साली तो पूर्ण खुला झाला. गावाच्या हद्दीत मोठी शिक्षणसंस्था आली, टेकड्यांच्या उतारावर बंगले आले. घाटातली वाहतूक टाळणाऱ्या ‘मिसिंग लिंक’चे काम २०१९ साली सुरू झाले, त्याचे एक टोक खोपोलीजवळ आणि दुसरे याच कुसगावला. तेरा किलोमीटरहून थोडा अधिक असा हा रस्ता, त्यातला एक बोगदा जवळपास नऊ किलोमीटरचा.

या कुसगावच्या निमित्ताने गेल्या पावसाळ्यात माझी पुतणी आणि तिचा नवरा एक फाइल घेऊन माझ्याकडे आले. ती कुसगावातच एका संस्थेच्या कार्यालयात नोकरीला, तो चिंचवडच्या कारखान्यात. लोणावळ्यात भाड्याने राहतात, भाडे नऊ हजार. पुणे-लोणावळा लोकल १९७८ साली सुरू झाली तेव्हापासून अशी किती कुटुंबे तिच्या वेळापत्रकावर जगत आली आहेत, त्यांतलेच हे एक. पाच वर्षे काटकसर करून दोघांनी साडेसहा लाख साठवले होते. आणि एका एजंटाने त्यांना कुसगावात दोन गुंठे जागा दाखवली होती. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. समोर डोंगर, मागे ओढा. पन्नास हजार रुपये बयाणा देऊनही झाला होता.

‘‘काका, फक्त एकदा नजर टाका. सगळं क्लिअर आहे म्हणालेत,’’ पुतणी म्हणाली.

‘सगळं क्लिअर आहे’ हे वाक्य मी बँकेत इतक्यांदा ऐकले आहे की ते कानावर पडताच चष्मा पुसायला घेतो.

फाइलमध्ये सातबारा होता. पहिली गोष्ट पाहिली ती गावाचे नाव. मावळ तालुक्यात कुसगाव एक नाही. लोणावळ्याजवळचे कुसगाव बुद्रुक, पण खुर्दही आहे आणि पवन मावळातलेही आहे. बुद्रुक म्हणजे थोरले, खुर्द म्हणजे धाकटे, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण गट क्रमांकापुढे कोणते कुसगाव लिहिले आहे ते वाचायचे आपण विसरतो. सुदैवाने गाव बरोबर होते. मग मी जावयांना सातबारा कसा वाचायचा ते सांगू लागलो. वरचा भाग गाव नमुना सात, त्यात जमीन कुणाची ते. खालचा नमुना बारा, त्यात पीक कोणते ते. भोगवटादार वर्ग एक असेल तर मालकाचा हात बराच मोकळा. वर्ग दोन असेल तर इनाम, वतन, कुळकायदा किंवा सरकारी वाटप असा काही इतिहास असतो आणि विक्रीला सरकारी परवानगी लागू शकते. जमीन शेतीचीच असेल तर शेतकरी नसलेल्या माणसाला ती परवानगीशिवाय घेताच येत नाही. आणि या सगळ्यांत महत्त्वाचा रकाना म्हणजे ‘इतर हक्क’.

कादंबरी लिहिणाऱ्याला हा रकाना फार ओळखीचा वाटतो. कथेतली लपलेली माणसे तिथे राहतात. सोसायटीचा बोजा, जुने कूळ, न्यायालयातला दावा आणि विशेषतः बहिणी. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्मसिद्ध वाटा मिळाला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. मावळातल्या कितीतरी जमिनींचे व्यवहार भावांनी केले आणि बहिणींना रक्षाबंधनाला साडी मिळाली. माझ्यासमोरच्या सातबाऱ्यावर तीन भावांची नावे होती. फेरफार मागून घेतला, तर वारसनोंदीत दोन बहिणीही निघाल्या. विक्रीच्या मसुद्यात त्यांच्या सह्यांना जागाच नव्हती. त्या बहिणींचा यात काही दोष नाही. उद्या त्या वाटा मागायला उभ्या राहिल्या तर त्यांचे बरोबरच असेल, आणि माझी पुतणी त्यांच्या समोर प्रतिवादी म्हणून उभी असेल.

दुसरी गोष्ट अधिक चतुराईची होती. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे विकता येत नाहीत. २०२३ साली राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा गुंठे ठरले. मग दोन गुंठे विकायचे कसे? वीस गुंठ्यांचे एकच खरेदीखत करायचे, दहा कुटुंबांची नावे त्यावर सामाईक घालायची, आणि वेगळ्या साध्या कागदावर नकाशा काढून ‘हा तुमचा प्लॉट, तो त्यांचा’ असे वाटून द्यायचे. जावयांच्या वडिलांची साताऱ्याकडे थोडी शेती आहे, म्हणून शेतकरी असल्याचा पुरावाही जमत होता. खरेदीखत नोंदले गेलेही असते. पण त्या नकाशाला कायद्याच्या दृष्टीने अर्थ नाही. दहाही कुटुंबे त्या वीस गुंठ्यांच्या प्रत्येक इंचाची सामाईक मालक. त्यांतल्या एकाने वाटा विकला, एकाचे निधन झाले, एकाने दावा लावला, की उरलेल्या नऊ जणांच्या झोपेचे खोबरे. स्वतंत्र बांधकाम परवानगी नाही. आणि स्वतंत्र ओळख नसलेल्या जागेवर कुठलीही शहाणी बँक गृहकर्ज देत नाही.

‘‘त्यांनी सांगितलं, होम लोन नाही मिळालं तर पर्सनल लोन काढा, थोडं सोनं ठेवा,’’ जावई म्हणाले. ‘‘आणि आता सरकारनं गुंठासुद्धा कायदेशीर केलाय ना?’’

हा गैरसमज आज घरोघरी आहे. २०२५ च्या अखेरीस राज्य सरकारने तुकडेबंदीत सापडलेले जुने व्यवहार शुल्काशिवाय नियमित करण्याचा निर्णय घेतला हे खरे. वर्षानुवर्षे अडकलेल्या लाखो गरिबांच्या दृष्टीने तो दिलासा आहे, आणि त्याची गरजही होती. पण तो ठरावीक तारखेपर्यंतच्या व्यवहारांना आहे आणि शहरी किंवा नियोजित रहिवासी क्षेत्रांसाठी आहे. तुकडा नियमित झाला म्हणून त्यावरचे घर नियमित होत नाही, आणि बहिणीचा वाटा तर मुळीच पुसला जात नाही. सरकारने माफी दिली की आपल्याकडे लोक तिला पुढच्या माफीचे आश्वासन समजतात. एजंटांचा धंदा या समजुतीवर चालतो. जुन्या चुकीला मिळालेली सवलत दाखवून ते नवी चूक विकतात.

नोटरीच्या कागदावर, कुलमुखत्यारपत्रावर घरे विकणारेही आहेत. अशा कागदांनी मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये निःसंदिग्ध सांगितले. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार, खरेदीखत म्हणजे विक्री, आणि खरेदीखत नोंदवल्याशिवाय घर तुमचे नाही. शिवाय ‘थोडे पांढरे, थोडे काळे’ हा प्रश्न येतोच. काळीची पांढरी करणारे पैशाचे मात्र पांढऱ्याचे काळे करायला सांगतात. जी रक्कम कागदावर नाही ती व्यवहार फिसकटल्यावर कुठल्याही न्यायालयात मागता येत नाही. पहिले घर घेणाऱ्या पगारदाराला ही चैन परवडणारी नाही.

इथे बँकेविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ‘बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागद चोख’ असे लोक मानतात आणि आम्ही अधिकारीही ते हसून मान्य करत असू. बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो हे खरे, पण त्याचा अहवाल बँकेसाठी असतो. बँक स्वतःच्या पैशाची सुरक्षितता पाहते, तुमच्या आयुष्याची नाही. मालकीत खोट निघाली तरी हप्ता तुम्हालाच भरावा लागतो. म्हणून बँक नाही म्हणते तेव्हा ऐकावे, आणि हो म्हणते तेव्हा स्वतःचा वकील करावा. दोन-पाच हजारांची ही फी वाचवणारी माणसे मी पाहिली आहेत. पुढे त्यांनी कोर्टात किती घातले तेही पाहिले आहे.

आता पैशाकडे येऊ. समजा छत्तीस लाखांचे घर आहे आणि तीस लाख कर्ज मिळाले. मुद्रांक शुल्क ठिकाणानुसार साधारण पाच ते सात टक्के, सहा टक्के धरले तर दोन लाख सोळा हजार. नोंदणी फी तीस हजार. ही रक्कम बँक घराच्या किमतीत धरत नाही, ती खिशातून जाते. म्हणजे घरात पाय ठेवण्यापूर्वी साडेआठ लाख हातात हवेत. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर २०२१ पासून राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. त्याकडे निव्वळ बचत म्हणून पाहू नये, घरातल्या बाईच्या नावावर छप्पर असणे याला स्वतःची किंमत आहे.

तीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यातले २१,२५० व्याजात जातात, मुद्दल फिटते ४,७८५. वीस वर्षांत एकूण भरणा साडेबासष्ट लाखांच्या आसपास. हेच कर्ज पंधरा वर्षांत फेडले तर हप्ता साडेतीन हजारांनी वाढतो, पण व्याज नऊ लाखांहून अधिक वाचते. बँका लांब मुदत आवर्जून सुचवतात, कारण तेवढ्याच पगारावर मोठे कर्ज बसते.

दर बदलता असतो हेही लक्षात ठेवावे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला. त्याआधी नुकतेच सात टक्क्यांनी वीस वर्षांचे कर्ज घेतलेल्या माणसाचा तीस लाखांवरचा हप्ता २३,२५९ रुपये होता. दर साडेनऊ झाला तर त्या तीस लाखांचे महिन्याचे नुसते व्याज २३,७५० होते. म्हणजे हप्ता भरूनही कर्ज वाढू लागते! असे झाल्यावरच हप्ता वाढवायचा की मुदत, की स्थिर दर घ्यायचा, हे कर्जदाराला विचारा, असा दंडक ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना घालून देण्यात आला.

म्हणून पहिल्या घराची तयारी म्हणजे काय, असे कुणी विचारले तर मी एक घरगुती परीक्षा सांगतो. घर घेण्यापूर्वी वर्षभर घर घेतल्यासारखे जगा. भाडे नऊ हजार आणि होणारा हप्ता सव्वीस हजार, तर मधले सतरा हजार दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका. वर्षअखेर दोन लाखांच्या वर जमतील, मुद्रांक शुल्काची सोय होईल. आणि सहाव्या महिन्यातच ओढाताण झाली तर ते घर तुमच्या मापाचे नाही, हे पन्नास हजार बयाणा न गमावता कळेल.

इमारतीतला फ्लॅट घ्यायचा तर महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा. मे २०१७ पासून लागू असलेल्या या कायद्याने नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठ घरांपर्यंतचे प्रकल्प या नोंदणीतून सुटतात, आणि डोंगराळ भागातल्या छोट्या योजना बऱ्याचदा नेमक्या याच मापात बसवलेल्या असतात. भोगवटा प्रमाणपत्र मागावे. आणि मावळात घर घ्यायचे तर ते दोनदा पाहावे, एकदा जुलैत आणि एकदा मेमध्ये. जुलैत भिंत कुठे पाझरते आणि ओढा कुठवर येतो ते दिसते, मेमध्ये नळाला पाणी येते का ते कळते. जाहिरातीतले फोटो बहुधा सप्टेंबरातले असतात.

इतके सगळे सांगून झाल्यावर पुतणी शांतपणे म्हणाली, ‘‘काका, हे सगळं पटलं. पण मग आम्ही राहायचं कुठं?’’

तिचा हा प्रश्न मला माझ्या सगळ्या हिशेबांपेक्षा मोठा वाटतो. कुसगावात जागेचे भाव तिथे नोकरी करणाऱ्याच्या पगारावर ठरत नाहीत. ते ठरतात मुंबई-पुण्याच्या माणसाच्या शिलकीवर, ज्याला शनिवार-रविवारसाठी दुसरे घर हवे आहे. घाटातले अंतर सहा किलोमीटरने कमी करणारा रस्ता जाहिरातीत मिनिटांच्या हिशेबाने येतो आणि ती मिनिटे जमिनीच्या भावात जमा होतात. पण लोकलने चिंचवडला जाणाऱ्याचे एक मिनिटही त्याने वाचत नाही. एकाचे दुसरे घर आणि एकाचे पहिले घर एकाच बाजारात बोली लावतात, आणि पहिले घर हरते. हरलेली माणसे मग वीस गुंठ्यांतल्या दहाव्या हिश्शाकडे वळतात. एजंट लबाड असतो हे खरे, पण ही निकड नसती तर त्याचा माल कुणी घेतला असता? ज्या शेतकऱ्याने जमीन विकली त्याचा मुलगाही या रांगेत आहे. त्याच्या वडिलांच्या खाचरात उभ्या राहिलेल्या बंगल्याची राखण तो करतो आणि गावठाणातल्या वाटणीच्या दोन खोल्यांत संसार करतो.

दुसरे घर घेणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांतले काही माझे मित्र आहेत. पण नियोजन करणाऱ्यांनी हा फरक ओळखायला हवा. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत मोठ्या गृहप्रकल्पांना वीस टक्के लहान घरांची अट २०१३ पासून आहे. वर्षातले तीनशे दिवस बंद राहणाऱ्या बंगल्यांच्या वसाहतींना, त्याच गावात राबणाऱ्यांसाठी थोडी लहान घरे बांधण्याची अट का असू नये? गावठाणाची हद्द लोकसंख्येप्रमाणे रीतसर वाढली तर काळीची पांढरी कागदावर होईल, चोरून करावी लागणार नाही.

आणि आपणही जुनी एक गोष्ट आठवावी. पहिले घर एकट्यानेच घ्यायचे ही कल्पना फार जुनी नाही. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली ती मध्यमवर्गीय नोकरदारांनीच उभी केली. त्यांनीही जागा एकत्रच घेतली, पण नोंदलेल्या संस्थेच्या नावावर, उघडपणे. वीस गुंठ्यांत दहा कुटुंबे हा विचार मुळात वाईट नाही. बिगरशेती, मंजूर नकाशा आणि नोंदलेली संस्था एवढे त्याच्या मागे उभे असले, तर त्याच दहा कुटुंबांची सोसायटी होते. नाहीतर दहा प्रतिवादी होतात.

बयाण्यातले पंचवीस हजार बऱ्याच खेपा घातल्यावर परत आले. उरलेले पंचवीस हजार शिकवणीचे पैसे समजा, असे मी जावयांना म्हटले. त्यांना ते फारसे रुचले नाही, आणि ते स्वाभाविक आहे. दोघे अजून लोणावळ्यात भाड्यानेच राहतात. महिन्याला सतरा हजारांची आवर्ती ठेव सुरू झाली आहे. पुतणीच्या कार्यालयातल्या चार-पाच कुटुंबांनी मिळून एक बिगरशेती जागा पाहिली आहे. तिचे फेरफार परवा माझ्याकडे आले. त्यात बहिणींच्या सह्या आहेत की नाहीत, ते मी आधी पाहिले.